लाल पिशव्यांची खोली

बाई,

परवा आपल्या दवाखान्यामागची भट्टी पाडली. नव्या इमारतीला जागा हवी होती म्हणून जेसीबी आला, आणि आमचा चहा पिऊन होईपर्यंत धुराड्यासकट सगळं खाली आलं. नव्या पोरी खिडकीत उभ्या राहून बघत होत्या. त्यातली एक मला म्हणाली, "मॅडम, हे काय होतं?" मी म्हटलं, कचरा जाळायची भट्टी. ती म्हणाली, "पण आतून फारशी काळी नाही झालेली." खरं होतं तिचं. एक उन्हाळा आणि अर्धा पावसाळा, एवढंच ती चालली. ती कशी बंद पडली ते सांगायला घेतलं असतं तर बाहेर पेशंटची रांग खोळंबली असती, म्हणून मी गप्प बसले. आणि आता, हे सगळं ज्यांना माहीतच आहे आणि ज्यांना जाऊन इतकी वर्षं झाली, त्यांनाच लिहायला बसले आहे.

मी इथे आले तेव्हा माझं लग्न नुकतंच ठरलं होतं. माहेर भद्रावतीचं, वडील फॅक्टरीत, सगळं बालपण फॅक्टरीच्या कॉलनीत गेलेलं. सरळ रस्ते, ओळीत क्वार्टरं, भोंगा वाजला की सायकलींची रांग. तिथून एसटीनं दिवसभर हाडं खिळखिळी करून मी या तीस खाटांच्या दवाखान्यात उतरले, तर पुढे एक बाजाराचा रस्ता, मागे नाला, आणि नाल्यापलीकडे नुसतं जंगल. पहिल्याच आठवड्यात मी बदलीचा अर्ज लिहिला होता. तुम्ही तो वाचलात, घडी घातलीत आणि म्हणालात, "पाठवते. पण उत्तर येईपर्यंत काम तं शिकून घे." तुम्ही वडशाच्या. वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं छोटं दुकान, घरात भाऊ, वहिनी, भाचरं. लग्न केलं नव्हतंत. गावातली माणसं तुम्हाला सिस्टर कधी म्हणाली नाहीत, बाईच म्हणायची. मीही तेच म्हणायला लागले.

त्या दिवसांत आपल्याकडे काचेच्या सिरींज होत्या. सकाळी स्टोव्ह पेटवून त्या उकळायला ठेवायच्या, पाण्यात त्या एकमेकींवर आपटायच्या, आणि ड्यूटीरूममध्ये सतत कपबश्या धुतल्यासारखा आवाज. सुया पुन्हा पुन्हा वापरून बोथट झालेल्या. रॉकेल संपलं की तुमचा चेहरा उतरायचा. एकदा एकाच टोल्यावरची, एकाच वस्तीतली काविळीची माणसं लागोपाठ आली, तेव्हा तुम्ही स्टोव्हपुढे बसून त्या उकळत्या भांड्याकडे बघत राहिलात. "आपण उकळतो तं खरं," तुम्ही म्हणालात, "पण मनाले खात्री नाई राहत." म्हणून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या सिरींजची खोकी आली तेव्हा दवाखान्यात सगळ्यात जास्त आनंद तुम्हाला झाला होता. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे लोक तुम्हाला म्हातारी, जुन्या वळणाची, नव्याला विरोध करणारी म्हणाले. तसं नव्हतं. पहिलं पाकीट फाडून तुम्ही ती पांढरी सिरींज उजेडात धरलीत आणि म्हणालात, "आता एकाची बिमारी दुसऱ्याले नाई लागणार, पोरी." तुमचे डोळे भरून आले होते.

मग सलाईनच्या बाटल्याही प्लास्टिकच्या झाल्या, नळ्या आल्या, हातमोजे आले. मागच्या अंगणात एक खड्डा होता. त्यात सगळं जायचं आणि मावशी संध्याकाळी रॉकेल टाकून पेटवायची. मावशी म्हणजे आपली सफाईवाली, नाल्यापलीकडच्या टोल्यावरची गोंड बाई, मराठी मोजकं बोलायची आणि आपापसात बोलताना गोंडीत हसायची. एकदा ती जाळत असताना मी शेजारून जाताना पदर नाकाला लावला. तुम्ही व्हरांड्यातून पाहिलंत. मला आत बोलावून, अगदी हळू आवाजात म्हणालात, "तिलेही नाकच आहे." बस, तेवढंच. तो माझ्यावरचा तुमचा पहिला राग. त्यानंतर तुम्ही मावशीला ड्रेसिंगच्या कापडाची पट्टी तोंडाला बांधायला दिलीत. ती दोन दिवस बांधली तिनं, मग सोडून दिली; म्हणाली, दम कोंडते.

त्या पावसाळ्यात खड्डा भरला. नाला चढला, खड्ड्यातलं पाणी वर आलं आणि आत अर्धंमुर्धं जळून राहिलेलं सगळं तरंगत नाल्याला लागलं. आपल्याला कळलंही नसतं. पाणी ओसरल्यावर तुम्ही, मी आणि मावशी टोल्यावर एका बाळंतिणीला बघायला गेलो, तर मोहाच्या झाडाखाली पोरी खेळत बसल्या होत्या. दवाखाना-दवाखाना. एकीनं डोक्याला पांढरं फडकं बांधलं होतं, दुसरी मांडीवर झोपली होती, आणि फडकंवाली नाल्याचं पाणी सिरींजमध्ये ओढून घेत होती. सुईसकट. झोपलेली होती ती मावशीची नात. मावशी ओरडली नाही. ती पळत गेली आणि पोरीच्या हातातून ती सिरींज काढून घेऊन तशीच उभी राहिली, आपल्या मुठीत. तुम्ही त्या पोरींच्या शेजारी चिखलात बसलात, प्रत्येकीचे हात, दंड, मांड्या उलटसुलट करून पाहिल्यात. टोचलेलं काही सापडलं नाही. मग आम्ही तिघींनी नाल्याच्या काठाकाठानं चालत, सापडेल ते सगळं घमेल्यात गोळा केलं. परत येताना ते घमेलं तुमच्या डोक्यावर होतं. मी म्हटलं, बाई, आता हे कुठे टाकायचं? दवाखान्यात येऊन तुम्ही ते घमेलं ड्यूटीरूमच्या कोपऱ्यात ठेवलंत आणि त्यावर टोपलं झाकलंत. कितीतरी दिवस ते तिथेच होतं.

तुम्ही वर लिहिलंत. साहेबांनीही लिहिलं. आपले डॉक्टरसाहेब पुण्याकडचे, तरुण, पुढच्या शिक्षणाची वाट बघत इथे अडकलेले; माणूस वाईट नव्हता. पुढे नियमच आले. भिंतीवर रंगीत तक्ता लागला. कुठल्या रंगाच्या पिशवीत काय टाकायचं, चित्रांसकट. रक्ताचे बोळे, पट्ट्या पिवळ्या पिशवीत; नळ्या, सिरींज, सलाईनच्या बाटल्या लाल पिशवीत. तक्त्यावर साफ लिहिलं होतं की लाल पिशवीतलं जाळायचं नाही. कापायचं, ब्लिचिंगच्या पाण्यात भिजवायचं आणि पुढे पाठवायचं. पुढे म्हणजे कोणाकडे, ते नव्हतं लिहिलेलं. आणि त्याच महिन्यात ठेकेदारानं मागे भट्टी बांधली. धुराडं उंच हवं होतं, ते त्यानं कमी विटांत उरकलं. त्याचं तोंड बरोबर बाळंतिणींच्या वॉर्डाच्या झरोक्यासमोर आलं. तुम्ही साहेबांना दाखवलंत. साहेब म्हणाले, "सिस्टर, बांधकाम माझ्या हातात नाही. भट्टी मिळाली हेच खूप झालं." मग लाल, पिवळी, काळी, सगळ्याच पिशव्या त्या एका तोंडात जायला लागल्या, कारण दुसरं तोंडच नव्हतं. वारा जंगलाकडे असला की बरं. गावाकडे असला की तुम्ही वॉर्डाचे झरोके पुठ्ठ्यानं बंद करायला लावायच्यात.

माझं लग्न होऊन तोवर वर्ष उलटलं होतं. नवराही फॅक्टरीतलाच, तो तिकडे, मी इकडे. बदलीचे अर्ज चालूच होते. प्रत्येकाला तेच उत्तर, बदली कर्मचारी उपलब्ध नाही. मला दिवस गेले, आणि मी ठरवलं होतं की आठवा लागला की आईकडे जायचं. रजा मंजूर व्हायला उशीर झाला, आणि मंजूर झाली त्याच आठवड्यात नदीच्या रपट्यावरून, त्या बुटक्या पुलावरून, पाणी वाहायला लागलं. एसटी बंद. फोनची तार कुठेतरी झाड पडून तुटलेली. मी रोज पोट सावरत रपट्यापर्यंत चालत जायची आणि ते मातकट पाणी बघून परत यायची. तुम्ही एकदा मागून आलात आणि म्हणालात, "पाण्याकडे पाहून पाणी कमी होत नाई. चल, पाय सुजले तुये." मी तुमच्यावर चिडले. म्हटलं, तुम्हाला काय, तुम्हाला कुठे जायचं नाही. तुम्ही माझी पिशवी हातातून घेतलीत आणि पुढे चालायला लागलात.

मुलगी झाली ती तुमच्याच हातावर. दिवसभर कळा, बाहेर धो धो पाऊस, मावशी माझ्या डोक्याशी बसून गोंडीत काहीतरी गुणगुणत होती. पोरगी रडली तेव्हा तुम्ही तिला उलटी धरून म्हणालात, "आवाज तं पाह्य कसा आहे, पाहिजे तं रपट्यापलीकडे ऐकू जाईन." तिचं पहिलं झबलं तुमच्या जुन्या पांढऱ्या साडीचं, तुम्ही कधी शिवून ठेवलं होतंत मला माहीत नाही. त्या झबल्याला युनिफॉर्मच्या निळीचा वास होता.

आणि मग ती सकाळ. मी वॉर्डात खाटेवर आहे, पोरगी कुशीत. आणखी चौघीजणी आहेत. समोरच्या खाटेवर एक अगदी लहान वयाची बाळंतीण, तिचं मूल दिवस भरायच्या आधी आलेलं, ओंजळीत मावेल एवढं, श्वास घेताना त्याच्या बरगड्यांमध्ये खळगे पडतात. दोन दिवस पाऊस थांबला आहे, हवा गच्च झाली आहे, पान हलत नाही. मागे पिशव्या साठून वास मारायला लागल्या म्हणून साहेबांनी भट्टी पेटवायला सांगितली आहे. आधी मला वास येतो. जळक्या नळ्यांचा, घशात चिकटणारा, गोडसर. मग झरोक्यातून काळपट धूर उतरायला लागतो, वरून खाली, हळूहळू, मच्छरदाणी सोडल्यासारखा. मी पोरीच्या तोंडावर पदर धरते. कोणीतरी झरोके लावते. मग आत इतकं कोंडतं की सगळ्याजणी घामानं निथळतात, मुलं किंचाळायला लागतात. कोणीतरी दार उघडते, तर व्हरांड्यातही धूरच. उठून बाहेर पडायचं तर टाके ओले, पोरगी दोन दिवसांची, आणि बाहेर पडून जायचं कुठे? मी लहानपणी कधी विहिरीत पडले नाही, पण विहिरीत पडल्यावर कसं वाटत असेल ते मला त्या खाटेवर कळलं. तेवढ्यात समोरची पोरसवदा आई ओरडली, "बाई, याचे ओठ पाहा नं! निळे होऊन राह्यले!"

तुम्ही धावत आलात. मूल पाहिलंत, मला म्हणालात, "उठता येते?" मी उठले. ऑक्सिजनचा शेवटचा सिलेंडर मी आणि मावशीनं ढकलत आणला. तो चालू केला आणि वळून बघते तर तुम्ही नाही. मागच्या दारातून दिसत होतात. दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या, पदर खोचलेला. तुम्ही पहिली बादली भट्टीच्या तोंडात ओतलीत. आतून फुसकारा आला, राखेची वाफ तुमच्या अंगावर आली. तुम्ही मागे सरला नाहीत. दुसरी ओतलीत. तापलेल्या विटा गार पाण्यानं तडकल्या. तो आवाज मला वॉर्डात ऐकू आला. साहेब धावत आले.

"सिस्टर, हे काय करताय? सरकारी मालमत्ता आहे ती!"

"आत लेकरू निळं पडलं, साहेब."

"अहो, मला सांगायचं. मी थांबवलं असतं. आता ही फुटली. पाऊस संपेपर्यंत दुरुस्तीला कोणी येणार नाही. एवढा कचरा मी कुठे ठेवू? जाळायचा नाही, पुरला तर पाणी, बाहेर टाकला तर पोरं खेळतात. तुम्हीच सांगा, काय करू?"

तुम्ही पदरानं तोंड पुसलंत. सगळ्या तोंडावर राख होती. "मले नाई माहीत," तुम्ही म्हणालात. "खरंच नाई माहीत, साहेब. पण हे नाई."

ते मूल वाचलं, बाई. सिलेंडर संपत आला तेव्हा त्याचा रंग परत आला होता.

त्या दिवसापासून पिवळ्या पिशव्यांतलं जे पुरण्यासारखं होतं ते तुम्ही उंचवट्यावर खोल खणून पुरायला लावलंत. आणि लाल पिशव्या तुम्ही आपल्या क्वार्टरमध्ये न्यायला लागलात. मागची खोली, जिथे तुमची पेटी, गव्हाची कोठी आणि नमाजाची चटई असायची. पेटी आणि चटई पुढच्या खोलीत आली आणि मागे पिशव्या. तुमची-माझी भिंत एकच होती. ड्यूटी संपली की संध्याकाळी भिंतीपलीकडून कात्रीचा आवाज यायचा, कच्, कच्, तुम्ही आणि मावशी नळ्या कापत बसलेल्या, आणि ब्लिचिंगचा वास माझ्या घरात. मी बाळंतीण, अंगावर पोरगी, बाहेर पाऊस पुन्हा लागलेला, रपटा बंद. मुलगी झाली हे तिच्या बापाला माहीत नव्हतं. दूध आटतंय की काय अशी मला भीती. माझ्यापुढे भिंत, भिंतीपलीकडे तुम्ही, आणि तुमच्यापुढे छताला लागत चाललेल्या पिशव्या. एकदा मी दारातून आत डोकावले, तर तुम्हाला पाय पसरायलाही जागा नव्हती. मी म्हटलं, बाई, हे तुम्ही का घरात घेतलंत? तुम्ही वर न बघता म्हणालात, "मंग कोणाच्या घरात ठेवू?"

पाणी उतरलं. चंद्रपूरहून सिलेंडर घेऊन टेम्पो आला. साहेबांनी शहरातल्या एका मोठ्या दवाखान्याला चिठ्ठी दिली, की आमच्या लाल पिशव्या तुमच्याकडे घ्या. रिकाम्या सिलेंडरांबरोबर पिशव्या चढवल्या, आणि मी पोरीला घेऊन ड्रायव्हरशेजारी बसले, कारण मलाही त्याच वाटेनं भद्रावतीला जायचं होतं. मावशीनं शेवटची पिशवी फेकली आणि हात झटकले. तुम्ही टेम्पोची फळी लावून घेतलीत आणि ती लागली की नाही ते पुन्हा ओढून पाहिलंत. मला म्हणालात, "नीट पोचल्या की मले सांगजो." तुमची ती मागची खोली मला रस्त्यावरून उघडी दिसत होती. रिकामी. तुम्ही तिच्यात फडा मारायला वळलात.

त्या मोठ्या दवाखान्याच्या फाटकावर चौकीदारानं चिठ्ठी पाहिली, आत नेली, परत आणली. त्यांचंच साठलं होतं. बाहेरचं घेत नव्हते. ड्रायव्हरला उशीर होत होता. तो म्हणाला, "ताई, मी हे परत नाई नेत. मले सिलेंडर द्याचे आहेत." त्यानं गाडी शहराबाहेर घेतली. मैलभर आधीच मला तो वास आला, तोच, आणि मी पोरीला पदरात गुंडाळून घेतलं. मोठं मैदान, कचऱ्याच्या टेकड्या, आणि टेकड्यांतून जागोजागी निघणारा धूर. त्यानं फळी उघडून पिशव्या ढकलल्या. कचरा वेचणाऱ्या बाया आल्या. एकीनं आकडी घालून पिशवी फाडली, आतल्या कापलेल्या नळ्या हातावर घेतल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "कापल्या काऊन ह्या? धुतल्यासारख्या दिसते. अख्ख्या असत्या तं घेतल्या असत्या कोणी." मी म्हटलं, म्हणूनच कापल्या, कोणी पुन्हा वापरू नये म्हणून. तिला ते पटलं की नाही कोण जाणे. "मंग आता ह्या कोणाच्याच नाई," ती म्हणाली, आणि पायानं ती सगळी रास जळणाऱ्या बाजूला लोटली. पिशव्या आक्रसल्या, मग पेटल्या. मी गाडीतूनच बघत होते.

रजा संपवून आले ती थेट तुमच्या स्वयंपाकघरात. तुम्ही सुपात तांदूळ घेऊन खडे निवडत होतात. पोरीला मांडीवर घेतलंत, तिच्या टाळूवर हात फिरवलात, आणि विचारलंत, "पोचल्या?" वाटेत मी पन्नास वेळा ठरवलं होतं की काहीतरी बरं सांगायचं. पण तुमच्यासमोर ते जमलं नाही. सगळं सांगितलं, त्या बाईचं बोलणंसुद्धा. तुमचा हात पोरीच्या डोक्यावर थांबला. चुलीवरचं आधण उकळत होतं. तुम्ही म्हणालात, "एवढ्या दूर नेऊन त्या बायांच्या तोंडावर जाळलं आपण."

मग काही दिवस गेले. आणि एका सकाळी ओपीडीत एक म्हातारा आला, ताप होता, नेहमीसारखा बाही वर करूनच बाकावर बसला. "सुई द्या बाई." तुम्ही त्याला तपासलंत, साहेबांकडे नेलंत, आणि साहेबांना म्हणालात, "याले गोळीनं भागते का?" साहेबांनी जरा विचार केला. "भागतं खरं तर. पण तो ऐकणार नाही." तुम्ही म्हणालात, "ते मी पाहते." तिथून सुरू झालं ते. ज्याला सुईची गरज त्याला सुई, ज्याला गोळीनं भागेल त्याला गोळी. ऐकायला किती सोपं वाटतं! पण दहा कोस चालत आलेल्या माणसाला रिकाम्या दंडानं परत पाठवणं म्हणजे त्याला दवाखान्यानं हाकललं असंच वाटायचं. "गोळीनं काय होते?" "आमी गरीब म्हणून सुई नाई देत काय?" मावशी शेजारी उभी राहून गोंडीत समजवायची, आणि तिचं समजवणं तुमच्यापेक्षा लांबलचक असायचं.

तो म्हातारा त्या दिवशी आपल्याकडून उठून बाजारातल्या खाजगी डॉक्टरकडे गेला. त्यानं टोचलं, कोणाकोणाला टोचलेल्या सुईनं. आठवड्यानं मुलगा त्याला पाठीवर घेऊन आला, दंडाला नारळाएवढं गळू. तुम्ही ते फोडलंत, पू काढलात, आणि मग त्याला रोज दोन इंजेक्शनं द्यावी लागली, कितीतरी दिवस. मी लाल पिशवीत त्या सिरींज टाकताना तुमच्याकडे बघायची नाही. तुम्ही त्याला एकदाही "पाह्य, मी सांगितलं होतं" म्हणाला नाहीत. व्हरांड्यात मात्र मला म्हणालात, "मी नाई म्हटलं म्हणून तो तिकडे गेला." मी म्हटलं, तुमची चूक नाही. तुम्ही म्हणालात, "चुकीचं नाई म्हणत. पण गेला तं माझ्याच दारातून."

तरी तुम्ही सोडलं नाहीत. आठवडी बाजाराला सुट्टीच्या दिवशी जाऊन मिरच्यांच्या ढिगाशेजारी बसून बोलायच्यात. तो म्हाताराच पुढे तुमच्यासोबत बसायला लागला, बाही वर करून दंडावरचा खड्डा दाखवायचा, आणि लोक त्याचं ऐकायचे. सलाईनचंही तसंच, हगवणीला मीठ-साखरेचं पाणी पाजून जो बरा होतो त्याला बाटली लावायची नाही. वर्षा-दीड वर्षात लाल पिशवी रोज भरायची ती दोन-तीन दिवसांनी भरायला लागली. उरलेल्याचं काय? ते तुमच्याच खोलीत. दुसरा मार्ग तुम्हाला सापडला नाही, मलाही नाही. साहेब तोवर शिकायला निघून गेले होते. जाताना ते तुमच्या पाया पडले, तुम्ही लाजून मागे सरकलात.

मग तक्रार गेली. सरकारी दवाखान्यात सुई देत नाहीत, सलाईन लावत नाहीत, बाई लोकांना परत पाठवते. कोणा पुढाऱ्याची सही होती. चौकशीला आलेल्या साहेबांनी सगळं पाहिलं आणि शेवटी तुमच्या क्वार्टरची मागची खोली उघडली. पिशव्या बघून ते नाकाला रुमाल लावून बाहेर आले. "तुम्ही यात राहता?" एवढंच विचारलं त्यांनी. निवृत्तीला थोडे महिने राहिले असताना तुमची बदली झाली, पार सिरोंच्याच्या बाजूला, जिथली बोली तेलुगू. मी रडत होते, तर तुम्ही म्हणालात, "तू बदली मागत राहिली, अन् मिळाली मले." आणि हसलात. एसटीत बसताना पेटी वर टाकायला मावशी चढली, ती खाली उतरेचना. कंडक्टरनं ओरडून उतरवली.

निवृत्त होऊन तुम्ही वडशाला भावाकडे गेलात. दोनदा येऊन गेले मी. दुसऱ्यांदा तुम्ही आजारी होतात, पिवळ्या पडलेल्या. लिव्हर, एवढंच तुमच्या भावानं सांगितलं. मी तुम्हाला विचारणार होते, की ते कशानं झालं असं तुम्हाला वाटतं, त्या काचेच्या सिरींजच्या सुयांनी, नाल्यातल्या घमेल्यानं, की नुसतंच झालं. पण तुम्ही माझ्या पोरीला जवळ बसवून तिचे पाढे ऐकत होतात. तुम्ही गेल्याचं मला चार दिवसांनी कळलं. मावशीला सांगितलं तर ती मागच्या अंगणात जाऊन त्या तडकलेल्या भट्टीच्या ओट्यावर बसून राहिली. आता तीही नाही.

माझी बदली कधी झाली नाही, बाई. पुढे मी अर्ज लिहायचं सोडलं. नवरा पंधरा दिवसांनी येत राहिला, मग महिन्यानं, आता निवृत्त होऊन इथेच आला आहे आणि अंगणात वांगी लावतो. पोरगी नागपूरला आहे, तिला धुळीचा, धुराचा, कशाचाही त्रास होत नाही. मी उगीच अजून विचारते. ती मला म्हणते, आई, तू त्या गावात अडकलीस. मी तिला नाही म्हणत नाही. मी आता इन्चार्ज आहे. पोरींना शिकवते की सुई मागितली म्हणून द्यायची नाही, आणि गोळी दिली तर माणसाशेजारी बसून द्यायची. कोणी रागावून उठून गेलं तर त्याच्या मागे व्हरांड्यापर्यंत जाते. तुमची मागची खोली आता औषधांचं कोठार आहे.

आणि आता गाडी येते. ठरलेल्या दिवशी, बंद पिवळी गाडी, शहरातून. दोन पोरं हातमोजे घालून लाल पिशव्या मोजतात, चढवतात, दार लावतात. सगळं कसं नीट, तक्त्याप्रमाणे. तुम्ही असतात तर तुम्हाला रडू आलं असतं, त्या पहिल्या पांढऱ्या सिरींजच्या वेळेसारखं. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं लिहिते आणि थांबते. कधी कधी ड्रायव्हर चहा प्यायला व्हरांड्यात माझ्याशेजारी बसतो. बोलका आहे, घरचं सगळं सांगतो. त्या पिशव्या पुढे कुठे जातात, ते त्याला सहज विचारता येईल. मी त्याला अजून एक कप चहा देते, पण ते विचारत नाही.